एकेचाळिसावा थर

एकेचाळीस नंबरचा खिळा रिकामा होता. ताईने चष्मा काढला, कोटाच्या टोकाला पुसला, परत घातला, आणि तरी खिळा रिकामाच. चाळीसवर निळी फिल्म लटकत होती, बेचाळीसवर लटकत होती, आणि मधे काही नाही. पुढचा दात पडलेल्या माणसासारखी ती ओळ तिच्याकडे बघत होती. सकाळचे आठ वाजले होते. काचेच्या खोलीत अजून कोणी आलं नव्हतं, हवा गार ठेवणारं यंत्र आपल्या नादात घुमत होतं. आजपासून शर्यतीच्या गाडीच्या दुसऱ्या नाकाचं काम सुरू व्हायचं होतं, त्यासाठी चौसष्टही खिळे मोकळे करायचे म्हणून तिने भिंतीवरच्या फळ्याला हात घातला होता, आणि हात तिथेच राहिला. फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात सही होती. झोकदार, शेवटच्या अक्षराला लांब शेपटी. सही तिचीच होती. तिला पहिल्यांदा भीती नाही वाटली, राग आला. आपल्यासारख्या बाईचा खिळा या वयात रिकामा राहावा याचाच राग.

गाडीचं नाक म्हणजे कार्बनच्या कापडाचे एकावर एक दाबून बसवलेले चौसष्ट थर. कापडाच्या प्रत्येक तुकड्याची एक बाजू चिकट असते, आणि त्या बाजूवर पातळ निळी फिल्म असते. ती सोलायची, मग पुढचा थर बसवायचा. फिल्म चुकून आत राहिली तर ते दोन थर जन्मात एकमेकांना धरत नाहीत. भट्टीतून निघालेलं नाक बाहेरून देखणं दिसतं आणि आतून दुभंगलेलं असतं. म्हणून सोललेली प्रत्येक फिल्म त्या त्या नंबरच्या खिळ्याला अडकवायची, आणि थर लावणाऱ्याने सही करायची नाही, दुसऱ्याने मोजून करायची. आधीच्या संघातला हा नियम ताईनेच इथे आणला होता, या इमारतीत नुसत्या चार भिंती आणि कबुतरांची घाण होती त्या दिवसांत. नव्या पोरांना ती दम भरायची, "माझ्या बापाने जरी थर लावले असतील तरी मोजायचं." बापाच्या थरांचं ठीक होतं. ताईच्या थरांसमोर मोजायला उभं राहायची छाती कोणाची झाली नव्हती, आणि तिनेही ते कधी मनावर घेतलं नव्हतं. ती आपली स्वतःच सही ठोकून मोकळी व्हायची. एकोणीस वर्षं. आधीच्या मोठ्या संघात सतरा, इथे दोन. एकदाही चूक नाही.

ती गुडघ्यावर बसली. टेबलाखाली, भट्टीच्या दाराच्या फटीत, कापड कापायच्या यंत्रामागे. कचऱ्याचे डबे पाच दिवसांत तीनदा रिकामे झाले होते. नाकाचे शेवटचे तीस थर गेल्या आठवड्यात तिने एकटीने लावले होते, कारण तिचे आधीच्या संघापासूनचे जोडीदार काका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. नाक भट्टीतून निघालं, ध्वनीच्या यंत्राने तपासलं गेलं, बरं निघालं. पण टोकाजवळच्या वळणात ते यंत्र आंधळं असतं, आणि एकेचाळिसावा थर नेमका त्या वळणाचा. नाक कालच चाचणीच्या केंद्रात पोचलं होतं. टक्कर किती झेलतं हे तपासायला अकरा वाजता ते भिंतीवर आदळायचं होतं.

"काय शोधतेस?" दारात काका उभे होते. काळा चष्मा, हातात डबा, पंधरा दिवसांनी आज पहिल्यांदा कामावर.

"काही नाही. तुम्ही कशाला आलात लगेच? डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, बायकोकडे बघू नका, ताण येईल." काकांचा नजर फिरवायचा वेग मात्र जसाच्या तसा होता. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. "गाडी काढतो. अकराला पोचायचं ना?"

केंद्र वीस मिनिटांवर होतं. ताई काकांच्या शेजारी बसली आणि बाहेरच्या गोदामांच्या रांगांकडे बघत राहिली. जगात दहाच संघ ही शर्यत पळतात, हा अकरावा. अकरावा संघ म्हटल्यावर लोकांनी नाकं मुरडली होती. मोठ्या संघातल्या तिच्या जुन्या साहेबांनी तर निरोप समारंभात भर सभेत म्हटलं होतं, "बाई, सहा महिन्यांत परत याल, तुमची खुर्ची झाकून ठेवतो." सगळे हसले होते, तीही हसली होती, आणि घरी जाताना गाडीत एकटीच मोठ्याने म्हणाली होती, खुर्चीवर फुलदाणी ठेवा. तिला आपण परत जाणार नाही हे ठाऊक होतं, जसं तिला कापडाला बोट लावून सांगता यायचं की हे शीतकपाटातून बाहेर काढून किती तास झालेत. इथे आली तेव्हा मालकांनी विचारलं होतं, नाक बाहेरून करून घेऊ या का, पहिल्या वर्षी सगळेच घेतात. सगळ्या बड्या धेंडांच्या मधे बसून ताई म्हणाली होती, "नाक मी करते. बाहेरचं नाक लावून फिरायचं असेल तर मला कशाला आणलंत?" मालक खूश झाले होते. त्या एका वाक्यावर काचेची खोली उभी राहिली, भट्टी आली, माणसं आली. आता तीनशे माणसं होती. परवा उपाहारगृहात रांगेत उभं राहून तिने त्यांची तोंडं पाहिली होती. निम्म्यांची नावं येत नव्हती, आणि तिला एकदम घर भरल्यासारखं वाटलं होतं.

आणि त्या रांगेत संघाची गाडी शर्यतीत चालवणारा चालकही होता. अंगाने चिमणीएवढा, वय सव्वीस. त्याची बसायची जागा त्याच्या मापाने घडवायची म्हणून त्याला सांगाड्यात बसवलं होतं, तेव्हा ताईने वाकून आत पाहिलं तर त्याच्या पायांत एकाला निळा आणि एकाला करडा मोजा. "घाईत निघालो," तो ओशाळून म्हणाला होता. त्याचे तळवे जिथे संपत होते तिथून चार बोटांवर नाक सुरू व्हायचं. अर्थात आज आदळणाऱ्या नाकामागे तो कधीच बसणार नव्हता. आजचं नाक चुरा व्हायलाच बनवलेलं. तेवढं एक बरं होतं. पण तो बसणार त्या नाकाचे थरही तिच्याच हातचे असणार होते, आणि तेव्हा सही कोण करणार होतं, हा प्रश्न गाडीच्या काचेवर माशी बसावी तसा येऊन बसला. तिने तो हाकलला.

आईकडे टाचण्यांची एक चपटी डबी होती. आई बायकामुलांचे कपडे शिवायची, आणि कपडा गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी टाचण्या मोजायची. साठ टाचण्या. एकदा एकोणसाठच भरल्या. एका मुलीचा फ्रॉक देऊन झाला होता, संध्याकाळी त्या मुलीचा वाढदिवस. आई शिलाई टाकून तडक त्या घरी गेली, ताईला बोटाला धरून, पाहुणे जमत असताना मुलीच्या अंगावरून फ्रॉक उतरवून घेतला, आणि आतल्या खोलीत बसून सगळा घेर उसवला. टाचणी नव्हती. मुलगी भोकाड पसरून रडत होती, तिची आई तोंड वाकडं करून उभी होती. घरी परतताना आईने घाम पुसायला हात वर केला आणि ताईला दिसली: टाचणी आईच्याच बाहीत, कोपराजवळ. आई रस्त्यात उभी राहून हसत सुटली. "आपल्या हातून गेलेलं आपल्यापाशीच असतं गं," ती म्हणाली होती. "उगीच दुसऱ्याचा घेर उसवला." त्या हसण्यावर ताई आजवर जगत आली होती. चष्मा हरवला, किल्ली हरवली, मन हरवलं, तरी आधी स्वतःची बाही बघायची. आणि बाहीत नसलं तर ते कुठेच गेलेलं नाही असं समजून स्वस्थ बसायचं. एकेचाळीस नंबरची फिल्मही अशीच कुठेतरी आपल्याला चिकटून बाहेर पडली असेल. कोटाला, बुटाला. कपडे धुवायला गेले, फिल्म गेली. संपलं.

पण तेवढ्याने भागत नव्हतं, म्हणून तिने डोळे मिटले आणि नाक पहिल्यापासून परत लावायला घेतलं. हे तिला जमायचं. हातांना क्रम पाठ होता. छत्तीस, तिरका थर, कोपऱ्यात सुरकुती धरायला बघतो, त्याला गरम हवा. सदतीस. अडतीस अरुंद पट्टी, बोटाने दाबायची, लाटणीने नाही. एकोणचाळीस. इथे काचेवर टकटक झाली होती. आठवलं. मालक पाहुण्यांना घेऊन आले होते, पैसा घालणारे पाच-सहा जण, काचेपलीकडे रांगेत उभे, प्राणिसंग्रहालयात आल्यासारखे. मालकांनी तिच्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. ताईने तेव्हा काय केलं होतं? तिने हात वर केला होता. हातात नुकतीच सोललेली फिल्म होती, लांब, निळी, आणि तिने ती झेंड्यासारखी हलवून दाखवली होती. पाहुणे हसले होते, एका बाईने टाळ्या वाजवल्या होत्या. त्या वेळी छाती कशी फुगली होती तेही आठवलं, थेट, लाज न वाटता. आपण या जगात सगळ्यात शेवटी आलेलो अकरावे, आणि हे बघा, हे असं करतात नाक. ती फिल्म एकेचाळीसची. असणारच. कारण त्यानंतर हाताला आला तो बेचाळिसावा, रुंद, हे तिला स्वच्छ आठवत होतं. म्हणजे एकेचाळीसची सोलली होती, हलवली होती, आणि त्या नाटकाच्या नादात खिळ्याला लावायची राहून बुटाखाली गेली होती. हिशेब लागला. तिने डोळे उघडले तर काका केंद्राच्या फाटकात गाडी वळवत होते.

तरी तिने सांगितलं. न सांगण्याचा विचार आलाच नव्हता असं नाही. तो आला, बसला, आणि उठून गेला. प्रोफेसर पडद्यांसमोर उभा होता, नखं कुरतडत. त्याला सगळे प्रोफेसर म्हणायचे, वय चौतीस, गाडीचा आराखडा त्याचा, आणि गेल्या महिन्यात त्याच्या दाढीत पहिला पांढरा केस आला तेव्हा ताईनेच तो सगळ्यांना दाखवला होता. तिने त्याला बाजूला घेतलं आणि दोन वाक्यांत सांगितलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"सांगाडा जोडलाय त्याला," तो पुटपुटला. "आपला एकुलता एक सांगाडा. नाक दुभंगलं तर तोही फुटतो. चार शर्यती गेल्या समजा, ताई."

"आणि आज थांबवलं तर?"

"पुढची तारीख नऊ दिवसांनी. ही चाचणी पास व्हायची मुदत शुक्रवारी संपते. पहिली शर्यत गेली." त्याने काचेपलीकडे पाहिलं. गाड्यावर सांगाडा, सांगाड्याला काळंभोर नाक, समोर पोलादी भिंत. तपासनीस कागदांची चळत नीट करत होता. "एक जाते की चार, एवढंच आहे. मी नाही ठरवू शकत. तुम्हीच सांगा, आत आहे?"

"नाही."

"कशावरून?"

"माझ्या हातात होती. मी ती हलवली, मालकांच्या पाहुण्यांसमोर. सोललेली फिल्म परत आत जात नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला, जसा माणूस पाऊल टाकण्याआधी जुन्या पुलाकडे बघतो. ताईला त्या क्षणी स्वतःबद्दल काडीचीही शंका नव्हती. काका मागे उभे होते. काळ्या चष्म्यामागे ते काय बघत होते कळत नव्हतं. त्यांनी एकदा घसा खाकरला, इतकंच. "होऊ दे," ताई म्हणाली. "माझ्या शब्दावर होऊ दे."

गाडा सुटला तो ताशी साठच्या वेगाने. असं म्हणायचं, पण डोळ्यांना वेग दिसलाच नाही. नाक इकडे होतं आणि मग ते भिंतीत होतं. आवाज अपेक्षेपेक्षा कोरडा झाला, कोणी वाळलेल्या फांद्यांची मोळी गुडघ्यावर मोडावी तसा. काळी धूळ उडाली. पडद्यावर एक रेघ वर चढली, लाल रेघेच्या जवळ गेली, तिथे थरथरली, आणि खाली आली. कोणी श्वास घेत नव्हतं. तपासनिसाने चष्मा कपाळावर चढवला, आकडे वाचले, परत वाचले, सांगाड्याभोवती टॉर्च घेऊन एक फेरी मारली, आणि म्हणाला, "ओरखडासुद्धा नाही. पास." त्याने सही केली. मग जो काही गोंधळ झाला त्यात कोणी कोणाला मिठी मारली याचा पत्ता नव्हता. प्रोफेसर रडत होता आणि हसत होता. त्याने ताईला उचललं, चक्क उचललं, पंचावन्न वर्षांच्या बाईला. मालकांना फोन लागला. तिकडून तीनशे माणसांचा आवाज आला, आणि ताईला वाटलं, त्या साहेबांना आता कळवावं, फुलदाणीत पाणी घाला.

ती भिंतीपाशी गेली. आपलं काम मोडलेलं तिला जवळून बघायचं असायचं. नाकाचा पुढचा हात-सव्वा हात भाग नव्हताच, नुसता चुरा. त्यामागे उरलेलं खोड, कडा पिंजलेल्या. चुऱ्यात तिच्या बुटाजवळ काहीतरी निळं होतं. भट्टीत आकसलेलं, वेडंवाकडं, तळहाताएवढं. अजून एका बाजूला काळा थर घट्ट चिकटलेला, आणि दुसरी बाजू आरशासारखी गुळगुळीत, जिथे कधी काही चिकटलंच नव्हतं. ती बघत राहिली. काचेपलीकडच्या पाहुण्यांसमोर हलवली ती चाळीसची होती. हे तिला नुसतं कळलं नाही, डोळ्यांपुढे दिसलं: हलवल्यावर तिने ती फिल्म निगुतीने चाळीसच्या खिळ्याला लावली होती, टाळ्या ऐकत, आणि मग हात पुढच्या तुकड्याकडे गेला, त्याला नीट बसवलं, आणि त्याच्या पाठीवरची फिल्म तशीच ठेवून त्यावर बेचाळीस. इतक्या सहज. हातांना तर काही वाटलंच नव्हतं. कोणाचं लक्ष नव्हतं. बूट चार बोटं सरकवला असता तर ती झाकली गेली असती. कागदावर सही झालेली होती. ज्या हातांवर ताई आयुष्यभर विसंबली ते तिला क्षणभर कोणा दुसऱ्याचे वाटले.

तिने वाकून ती फिल्म उचलली. "प्रोफेसर," तिने हाक मारली. "आतच होती. हे बघ. आणि तपासनीससाहेब, तुम्हीही बघा. आत नाही असं मी म्हणाले होते. चुकले."

आनंद जागच्या जागी थिजला. तपासनिसाने ते निळं चिरगूट चिमटीत धरून उजेडात पाहिलं, आणि अगदी शांतपणे म्हणाला, "नियम एवढंच विचारतो, की थांबलं का आणि किती अंतरात. थांबलं. हे मी शेरा म्हणून लिहितो." प्रोफेसर मात्र त्या चिरगुटाकडे बघत बोटांवर काहीतरी मोजत होता. त्याचे ओठ हलत होते. ताईला वाटलं, आता हा ओरडणार, आणि ओरडावंच त्याने, चार शर्यती तिने त्याच्याकडून डोळे मिटून मागितल्या होत्या.

"म्हणजे एक अख्खी जोड सुटलेली असूनही पास," तो म्हणाला. "म्हणजे दोन थर उगाच आहेत. ताई! एकशे चाळीस ग्रॅम! आपण एकशे चाळीस ग्रॅम उगाच वाहतोय!"

आधी काका हसले, मग सगळेच. या लोकांना घर जळालं तरी राख किती भरली हे आधी वजन करून बघायचं असतं. ताईही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि त्यातलं काही पाणी हसण्याचं नव्हतं.

दुपारी काचेच्या खोलीत दुसऱ्या नाकाचा साचा मांडला होता. फळा कोरा, चौसष्ट खिळे मोकळे. हे नाक चालकाच्या पायांपुढचं. बाहेर कोणीतरी अजून शिट्ट्या मारत होतं. ताईने कोट चढवला, टोपी घातली, हातमोजे घातले, आणि पहिल्या तुकड्यापाशी नुसती उभी राहिली.

"काका, यापुढे माझे थर तुम्ही मोजा. सही तुमची. सांगायला लाज वाटते, पण सांगते."

काका काळा चष्मा काढून साधा लावत होते. "मोजतोच की," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"एकोणीस वर्षं मोजतोय. तू चहाला गेलीस की. फक्त सही तू करायचीस, तुला आवडायचं." त्यांनी चष्म्याची काडी कानामागे बसवली. "या खेपेला मी नव्हतो."

यंत्र घुमत होतं. ताईने टेबलाच्या कडेला हात टेकला. "कधी कमी भरल्या?"

"दोनदा."

"आणि?"

"एकदा तुझ्या बुटाला चिकटलेली होती. काढून लावली खिळ्याला."

"दुसऱ्यांदा?"

काका साचा पुसत होते, जिथे पुसण्यासारखं काही नव्हतं. "थर उचलला, फिल्म काढली, थर परत बसवला. तू येईपर्यंत झालं होतं. नवव्या वर्षी. त्या वर्षी आपला जुना संघ जिंकला."

एकोणीस वर्षं एकदाही चूक नाही, हे तिच्या नावावर होतं, आणि ते एका माणसाने तिच्या पाठीमागे, तिचा चहा संपायच्या आत, मुकाट्याने जपलं होतं. तिला संताप आला, आणि तो धरून ठेवायला कुठे जागाच सापडेना. मग तिने तुकडा उचलला, नखाने कोपरा सोडवला आणि फिल्म एका दमात सोलली. खिळ्याकडे न जाता तिने ती काकांच्या हातात दिली.

"माझ्यासमोर मोजायचं," ती म्हणाली. "मोठ्याने."

"एक," काका म्हणाले.